देवदाराच्या फळ्या

निघालो त्या सकाळी अब्बा फाट्यावर सोडायला आले नाहीत. अंगणात फणसाच्या फळीवर रंधा मारत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “जा. पण हलक्या लाकडाला हात लावू नको, हात बिघडतो.” आमच्या रत्नागिरीकडच्या सुतारांना लाकडं दोनच ठाऊक, साग आणि फणस. बाकी सगळं आंब्याच्या पेट्यांना.

गल्फ वॉरनंतर बहरीनला कामं निघाली आणि मी गुदैबियातल्या एका वर्कशॉपात लागलो. खोलीत सहा जण, डोक्यावर एसीची घरघर. दुसरं वर्ष संपता संपता मी घोळ घातला. कपाटं बुदैयाला पाठवायची होती, त्यांना आधाराला पट्ट्या हव्या होत्या. कोपऱ्यात फिकट पिवळ्या, हलक्या फळ्या दिसल्या. म्हटलं, पेटीचं लाकूड! सरळ कापत सुटलो. इतका गोड वास सुटला, तरी अक्कल आली नाही.

आमचे जुने सुतार नझीरभाई, काश्मीरकडचे, धावत आले. “ये क्या किया? ये तो देवदार है!” एका व्हिलाच्या दारासाठी मुद्दाम मागवलेलं. त्यांच्या डोंगरात हे झाड बारा महिने हिरवं. घरांचे खांब त्याचे, पूलही त्याचेच. वाळवी लागत नाही, पाण्यात कुजत नाही. आणि मी त्याचं सरपण केलं होतं.

फोरमन म्हणाला, ज्यानं कापलं त्याची लीव्ह खलास. माझी गावी जायची चाळीस दिवसांची लीव्ह पुढच्या आठवड्यात होती, अब्बा अंथरुणाला खिळल्याचं पत्र खिशात होतं. नझीरभाईंची लीव्ह माझ्यानंतर. “मैंने काटा,” ते म्हणाले. खोटं कशाला सांगू, मी तोंड उघडणारच नव्हतो.

खोलीवर त्यांचे हात धरले, तर हसले. “तेरे अब्बा बीमार हैं. मेरी तो बीवी नाराज होगी, वो हमेशा रहती है.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी अब्बांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “त्याचीपण माणसं वाट बघत असतील ना रे?” मी परतलो आणि महिन्याभरात अब्बा गेले.

मी अजून इथेच आहे. कंटाळलोय, पण आहे. गावी दोनदा जाऊन आलो, पाहुण्यासारखा राहिलो. घर म्हटलं की अब्बांच्या उशाशी बसलेले ते चाळीस दिवस आठवतात, आणि ते नझीरभाईंचे होते.