चाचांच्या कॉम्प्युटरची पंगत

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की चाचा जरा मागे सरायचे, दोन्ही हात पोटावर बांधायचे आणि म्हणायचे, "उठू द्या, उठू द्या सगळ्यांना." समोर कितीही घाईचं गिऱ्हाईक उभं असलं तरी चाचांना कसली घाई नसायची.

पाथर्डीत स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. मी तिथे टायपिंग करायची. 'सगळे' म्हणजे कोण, ते सांगते. मशीन सुरू झालं की आधी पंचांग उघडायचं, मग नमाजाच्या वेळा, मग हवामान, क्रिकेटचा स्कोअर, कधीच भंगारात गेलेल्या स्कॅनरचा प्रोग्राम आणि मुदत संपली म्हणून रोज गळा काढणारा अँटिव्हायरस. या गर्दीतून आमचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम अंग चोरत यायचा. तोवर चहा पिऊन व्हायचा. यूपीएसने केव्हाच मान टाकली होती, त्यामुळे लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

"चाचा, निम्मे काढून टाकू," मी म्हणायची.

ते कानाला हात लावायचे. "नाव काढलं का मानूस रुसतंय, बेटा."

सारा जन्म लग्नपत्रिका छापण्यात गेलेला माणूस तो. तुम्हीही पाहिलं असेल, आमच्याकडच्या पत्रिकेत आजोबा, चुलते, मामा, भावकी, सरपंच आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी तान्ही पोरं, सगळे लागतात. एक नाव राहिलं तर ऐन मांडवात कुणीतरी तोंड फुगवून बसतो. चाचांना कॉम्प्युटरमधली ती मंडळी भावकीच वाटायची. भंगारातल्या स्कॅनरबद्दलसुद्धा ते म्हणायचे, "थोरला हाय तो, राहू दे."

खरी काळजी त्यांच्या डोळ्यांची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नगरच्या डॉक्टरांनी आता उशीर करू नका म्हणून बजावलं होतं. पण ऊसतोडीला गेलेली माणसं परतली की लग्नांची झुंबड उडायची, आणि चाचांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आधी गिऱ्हाईक. आपलं काय, घरचंच." शेवटचं प्रूफ भिंग लावून तेच वाचायचे. एकदा वरच्या ओळीतल्या आजोबांचं 'कै.' खालच्या ओळीतल्या मामांना जाऊन चिकटलं आणि चाचांच्या नजरेतून सुटलं. पत्रिका घेऊन मामा स्वतःच दुकानात आले.

"चाचा, मी हाय अजून!"

चाचांनी त्यांना जवळ बसवलं आणि भिंगातून नीट निरखलं. "व्हय की. चांगले धडधाकट हायेत. बेटा, मामांना चहा सांग."

मी तोंडाला ओढणी लावून हसले. पण घरी जाताना मला भीती वाटली. ज्याला प्रूफ वाचल्याशिवाय करमत नाही, त्याची नजरच गेली तर तो दिवसभर करणार काय? मशीन झटपट सुरू झालं तर कामं लवकर उरकतील आणि चाचांना नगरला पिटाळता येईल, असा मी बेत केला.

"चाचा, कुणाला काढायचं नाही," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं. "आमंत्रण सगळ्यांनाच. फक्त पहिल्या पंगतीला सगळ्यांना बसवायचं नाही. बोलावलं की येतील, तोवर मांडवात बसतील."

"आसं सांग की आधी!"

मी टास्क मॅनेजरमधली, मशीनबरोबर उठणाऱ्यांची यादी उघडून दिली. माऊस त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि भिंगातून एकेकाची विचारपूस सुरू केली. "हवामान? भाईर बघितलं की कळतंय. दुसऱ्या पंगतीला." "अँटिव्हायरस? रोज रडतो ह्यो. शेवटच्या." "थोरले, तुमी आता आराम करा." पंचांग आणि नमाज या दोघांना तेवढं त्यांनी पहिल्या पंगतीत ठेवलं. मी मध्येच उठून गिऱ्हाईक बघितलं, तोवर त्यांनी उरलेली पंगतही मार्गी लावली.

सकाळी मशीन चहा यायच्या आधीच तयार. चाचा खूश. एका मुलीचे वडील आले होते आणि त्यांची जीप बाहेर हॉर्न वाजवत होती. मी झोकात 'चि. सौ. कां.' टाइप केलं, तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला.

मुलीचे वडील वाकून बघत म्हणाले, "ओ ताई, पोरगी तालुक्यातच दिलीय, विलायतेला न्हाई."

मी यादी उघडली. चाचांनी मराठी टायपिंगलाच शेवटच्या पंगतीला बसवलं होतं.

"चाचा, हे काय केलंत?"

"घरचं मानूस हाय ते," चाचा शांतपणे म्हणाले. "घरच्यांनी शेवटीच जेवायचं आसतं."

मला हसू आलं आणि रागही आला. "घरचेच उठले नाहीत तर वाढणार कोण, चाचा? आणि डोळ्यांचंही तुम्ही हेच करून ठेवलंय!"

"पोरगी खरं बोलती चाचा," मुलीचे वडील म्हणाले. जीपचा हॉर्न त्यांना ऐकूच येत नव्हता.

चाचा भिंग सदऱ्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "बसव त्याला पहिल्या पाटावर." मशीन पुन्हा सुरू केलं, पत्रिका झाली, त्यांना जीपही मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली शेजारच्या चहावाल्याकडे होती. चाचा पहिल्या एसटीने नगरला गेले होते. त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला इतका आनंद झाला की माझेच डोळे भरून आले. दुपारच्या आत त्यांचा फोन.

"बेटा, कालच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाची आत्या राहिलीय का बघ. रुसंल ती."

"ते बघते मी. तुमचं झालं का?"

"बाकड्यावर हाय. लई गर्दी. शेजारी एक म्हातारी बसलीय बिचारी. म्हनलं, आधी तिला जाऊ द्यावं..."

एवढ्यात मागून कुणीतरी त्यांचं नाव पुकारलं.

"चाचा, जा," मी म्हटलं.

बाकडं करकरलं. फोन बंद करायचा त्यांचा राहिला होता. मग मला त्यांचा आवाज ऐकू आला, जरा लांबून.

"मावशे, तू बस जरा. आता माजं नाव पुकारलंय."