कानशीची रेघ

१९७९ च्या चैत्रात, एका रविवारी दुपारी दोन वाजता, सांगलीतल्या एका मंगल कार्यालयाच्या माडीवर जुन्या नाण्यांचा लिलाव झाला. त्यात माझ्या मामांचे अकरा चांदीचे रुपये होते. तीन विकले गेले.

मामा विट्याच्या पुढच्या एका गावचे. त्या पट्ट्यात पाऊस कमी, ऊस नाही. तिथली माणसं परमुलखात जाऊन गलाईचं काम करतात, म्हणजे मोडीचं सोनं-चांदी विकत घ्यायचं, वितळवायचं आणि शुद्ध करून सराफाला द्यायचं. मामा सोळाव्या वर्षी तमिळ मुलखात गेले. कॉलेजात असताना मी एका सुटीत त्यांच्याकडे आठ दिवस राहिलो. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. मागे कोळशाची भट्टी, शेजारी तेजाबाचं भांडं. त्यातून पिवळसर धूर निघायचा आणि खिडकीतून आलेल्या उन्हात बराच वेळ तरंगत राहायचा. तापलेल्या मुशीत रुपया पडला की आधी त्याची कड मऊ व्हायची. मग अक्षरं हलायची. वरचा चेहरा थोडा वेळ ओळखू यायचा, विहिरीत वाकून पाहिल्यावर आपला दिसतो तसा, आणि मग मुशीत उजेड तेवढा उरायचा. सकाळ संपून दुपार कधी झाली ते मला कळत नसे. मामा खोकत असत.

असे किती रुपये त्यांनी वितळवले याची नोंद नाही. अकरा ठेवले, कारण त्यांच्यावरची लिपी त्यांना येत नव्हती. "जे वाचता येत न्हाई ते जाळाय हात हुईना," एवढंच ते म्हणाले.

पुढे मी सांगलीच्या एका दैनिकात बाजारभाव लिहू लागलो. हळद, गूळ, सोनं, चांदी. मुंबईच्या एका नाणेलिलावाचा छापील तक्ता एकदा माझ्या टेबलावर आला. मामांच्या नाण्यांशी जुळणारे चार भाव मी पोस्टकार्डावर उतरवून त्यांना पाठवले. मोडीत एका रुपयाचे वीस-बावीस येत, तक्त्यातला सर्वांत कमी भाव तीनशे होता. तक्त्यात नाण्याच्या अवस्थेचाही एक रकाना होता. कार्डावर जागा नव्हती, म्हणून तो मी गाळला.

मामा कार्ड घेऊन गावी आले. विट्याच्या पेठेत एक गाळा रिकामा होता, पागडी तीन हजार. अकरा नाण्यांत तेवढे आले तर भांड्यांचं दुकान टाकायचं आणि भट्टीकडे परत जायचं नाही, असं मामा-मामींचं ठरलं. नाही आले तर सोमवारी मिरजेहून गाडी होती. मामींनी ट्रंक भरली नव्हती.

लिलावाआधी नाणी खिडकीजवळच्या टेबलावर, हिरव्या कापडावर मांडली होती. नदीकडून वारा येत होता. पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती मोजता येत. नाणी तपासायला साताऱ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांनी भिंग धरून मामांचं पहिलं नाणं उजेडात फिरवलं. मग दुसरं. अकराही पाहून झाल्यावर विचारलं, "कडेवर ही रेघ कुणी मारली?"

"म्या," मामा म्हणाले.

"सगळ्यांवर?"

"व्हय. कानशीनं. आत तांबं हाय का बघाय नको? आवं गुरुजी, कोंबडी घ्यायची तरी माणूस पिसं फुकून बघतंय."

मागच्या खुर्चीवरून एक व्यापारी म्हणाला, "पावणं, पिसं फुकली का मान कापली?"

माडीवर हशा झाला. मामाही हसले. गुरुजी हसले नाहीत.

"अहो, नाणं टांकसाळीतून जसं निघालं तसं लोकांना हवं असतं. रेघ आली की भाव गेला."

"रेघ हाय म्हणून तर खरं हाय. बिनरेघंचं आमी दारातबी घेत न्हाई."

"तुमच्या धंद्यात. इथं उलटं आहे."

गलाईच्या दुकानात आलेल्या नाण्यावर आधी कानस फिरते, मग भाव ठरतो. मामांनी ती नाणी ठेवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा प्रत्येकावर त्यांचीच रेघ पडून गेली होती.

पहिला रुपया पासष्टला गेला. दुसरा ऐंशीला. तिसऱ्याला बोली बावन्नवर थांबली. हातोडी पडली. खाली कुणीतरी पितळेची भांडी घासत होतं. मामा उठले.

"बाकीची ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. पाणी कमी होतं आणि वाहत आहे की नाही ते सांगता येत नव्हतं. पलीकडच्या काठावर म्हशी बसल्या होत्या, त्यांच्या पाठींवर ऊन होतं. मामांनी उरलेले आठ रुपये पायरीवर ओळीने मांडले.

"किती झालं रं?"

"एकशे सत्त्याण्णव."

"मोडीपरास ज्यादाच की."

ऊन म्हशींवरून उतरून काठावर गेलं, तिथून वर झाडांत.

"तुझ्या कार्डात रेघंचं काय नव्हतं."

"नव्हतं."

"त्या तक्त्यात?"

"अवस्थेचा रकाना होता. मी तो लिहिला नाही. जागा नव्हती."

मामांनी नाणी पिशवीत भरली. "लय मोठी अक्षरं काढतोस, गड्या," ते म्हणाले.

मामींनी सोमवारी पहाटे ट्रंक भरली. मी मिरज स्टेशनपर्यंत गेलो. गाडी पन्नास मिनिटं उशिरा सुटली.

विट्याचा गाळा आषाढात एका शिंप्याने घेतला.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता चांदी चढू लागली. रोज संध्याकाळी मी पानावरचा आकडा बदलत होतो. दसऱ्यानंतर मामांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर बारीक होतं, कार्डावर बरीच जागा उरली होती. आठही रुपये त्यांनी कार्ड लिहिण्याच्या आदल्या दिवशी मुशीत टाकले होते. शुद्ध चांदी सात तोळे पाच मासे भरली.