नोराकाकूंचा समुद्र

काकूंची शुद्ध हरपत चालली होती. माझे सासरे ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते आणि काही केल्या आत येत नव्हते. जाऊबाईंनी त्यांना सांगितलं होतं, "मामा, काकू सारख्या फारकत फारकत करत्यात." मामंजी म्हणाले, "सारा जल्म हितं काढला वहिनीनं... आन आता जाताना आमच्यासंगं नातं तोडती व्हय?"

काकू म्हणजे मामंजींच्या थोरल्या भावाची बायको. काका विलायतेत दवाखान्यात कामाला होते, काकू तिथंच नर्स होत्या. नोकरी संपल्यावर दोघं वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, आमच्या गावी येऊन राहिले. नोरा हे नाव ऐकून आजेसासूबाई म्हणाल्या होत्या म्हणे, "बायकोचंच नाव नवरा! मंग आमच्या पोराला काय म्हनायचं?" हे काकू स्वतःच हसून सांगायच्या. मूलबाळ नव्हतं. काका गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ह्या आपल्या देशी जातील. त्या गेल्या नाहीत.

मी चौथी शिकलेली. शाळेत माझ्या तोंडून 'न्हाई' निघालं की गुरुजी उभं करून 'नाही' वदवून घेत आणि पोरं हसत. तेव्हापासून चार माणसांत मी तोंड उघडत नसे. सासरी आले तेव्हा कुणी काही विचारलं तरी मी मान हलवायची. काकूंनी ते ओळखलं. त्यांच्या आजोबांच्या वेळी शाळेत, इंग्रजी सोडून घरची बोली बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात काठी बांधत. जितके शब्द तितक्या खाचा काठीवर, आणि शाळा सुटताना तितकेच फटके. "तुला तर नुसतं हसले," काकू म्हणाल्या. "बोल माझ्याशी. मी न्हाई हसायची."

त्या कोंबड्यांशी बोलत, शेळीशी बोलत, ते सगळ्या गावाला इंग्रजीच वाटे. जाऊबाई बारावी झालेल्या. एकदा त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं इंग्रजी लई फास्ट. एक अक्षर कळत न्हाई." काकू म्हणाल्या, "अगं, इंग्रजी असंल तर कळंल ना! ते म्या बी तुझ्यासारखी साळंतच शिकले."

भातखाचराचा दगडी बांध ढासळला की काकू पदर खोचून स्वतः लावायच्या आणि हात चालू असताना त्यांच्या गावाचं सांगायच्या. आयर्लंड नावाचं बेट आहे, त्याचा अगदी पश्चिमेचा काठ. तिथं झाड नाही, मातीही नाही, नुसता कातळ. माणसं समुद्रातलं गवत आणि वाळू टोपल्यांनी पाठीवर वाहायची, कातळावर पसरायची. असं वर्षानुवर्षं केल्यावर त्याची माती व्हायची आणि मग त्यात बटाटा. बांध मातीशिवाय रचायचे आणि दगडांत मुद्दाम फटी ठेवायच्या. "वाऱ्याला वाट दिली की भिंत पडत न्हाई," असं त्या सांगत. फार पूर्वी एकदा सगळा बटाटा जमिनीतच कुजला. लोक उपाशी मेले, उरलेले जहाजांत बसून गेले. तिथपासून गावात एक रीत पडली. कुणी पोर परदेशी निघाली की आदल्या दिवशी सगळा गाव तिच्या घरी जमायचा, गाणी म्हणायचा, आणि माणूस गेल्यासारखा रडायचा. काकूंसाठीही असेच बसले होते. "म्या जिती समोर बसलेली, आन आई माझ्या नावानं रडती... म्हनून परत जायला नको वाटतं गं. तिथं मी कवाच गेलेली हाय."

एकदा गवताला म्हणून आम्ही दोघी घाटाच्या कडेपर्यंत गेलो होतो. खाली कोकण निळंनिळं दिसत होतं, त्यापलीकडं काहीच दिसत नव्हतं. काकूंनी तिकडं हात केला. "फारगे," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "म्हंजी?" "समिंदर. दिसत न्हाई, पर तिकडं हाय."

काकूंची शुद्ध हरपत होती त्या दिवशी उंबऱ्यात उभं राहून मला तेच आठवत होतं. ओसरीवर मामंजी, माझे दीर, भावकीतली चार माणसं. आत काकूंचे ओठ हलत होते. मी पदर डोक्यावर ओढला आणि बोलले, "मामंजी, फारकत न्हाई. फारगे. त्यांच्या बोलीत समिंदर." आवाज माझा मलाच परका वाटला.

दीर म्हणाले, "आता गं! हिला कवापास्नं विलायती यायला लागलं?"

मामंजी मात्र हसले नाहीत. "तुला कुनी सांगितलं?"

"काकूंनीच. घाटाच्या कडंला."

ते उठले, आत गेले, काकूंच्या खाटेपाशी खाली बसले. "वहिनी," म्हणाले, "फारगे ना? म्या नेतो तुमास्नी. म्या सोता नेतो." काकू डोळे उघडून त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यानंतर तो शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना गेल्या.

काकूंची अर्धी राख, काकांची सोडली होती तिथंच नदीत सोडली. उरलेली स्टीलच्या डब्यात घेऊन मामंजी एसटीनं वरंधा घाट उतरून समुद्राकडं गेले. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. परत आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मग म्हणाले, "लई मोठा हाय... आन एक घडी गप बसत न्हाई. अगदी वहिनीवानी."

आता दिवेलागणीला ते काकूंच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसतात. "आज कंचा?" म्हणून विचारतात. मी त्यांना काकूंचा एक शब्द सांगते. गाय म्हणजे बो. दगड म्हणजे क्लोख. पाणी म्हणजे इश्के, हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "सुनबाई, ह्या वयात मला इश्क शिकवती व्हय?" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

माझ्याकडे शब्द होतेच किती! ते संपले. काल मी जुनाच एक सांगितला. मामंजींनी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला, दोनदा म्हणून बघितला, आणि म्हणाले, "ह्यो चांगला हाय. उद्या अजून एक सांग."