नामूकाकांचं गप्प बसणं

नामूकाका चहा मागायचे तोसुद्धा लिलावात. "चहा एकवार... चहा दोनवार..." तिसरा वार पुकारेपर्यंत कप आला नाही, तर शेजारच्या आमच्या घरातून कुणीतरी देऊन यायचं, कारण ती हाक आम्हालाच जास्त ऐकू यायची. धाकटी डहाणूच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. बोटींच्या इंजिनांवरून आवाज चढवता चढवता तो चढला तो चढलाच. घरी आल्यावर तो उतरवायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

सांगितलं नाही कसं म्हणू? जमनाकाकी रोज सांगायची. बोंबील सुकत घालता घालता, मान वर न करता म्हणायची, "हळू बोला. मी इथे आहे, सातपाटीला नाही." काका म्हणायचे, "आवाज पडला की भाव पडतो." त्यावर काकी, "तुम्हाला कुठे विकायचंय मला? आणि घेणार कोण?"

काकीच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर होतं. त्याचं वर्ष कधीच सरलं होतं, पण वर बोधगयेच्या बुद्धाचं चित्र होतं म्हणून ती ते काढू देत नसे. "बघा कसा बसलाय," ती काकांना म्हणायची, "मला एकदा तिथे न्या, आणि माझ्या शेजारी घटकाभर गप्प बसून दाखवा. दुसरं काही मागत नाही." काका म्हणायचे, "नेतो." मग बंदराचा हंगाम आला, मुलीचं लग्न आलं, घराचा स्लॅब आला आणि एक दिवस काकीच गेली. दवाखान्यात शेवटी काका तिच्या कानाशी लागून कुजबुजले, ते अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. "नेतो म्हणालो ना," एवढंच.

पुढच्या वर्षी तलासरीच्या सावे सरांची गयेची सहल निघाली. सावे सर निवृत्त शिक्षक. शाळा सुटली, पण वर्ग सुटला नाही, म्हणून ते सहली काढायचे आणि गळ्यात माईक अडकवून आम्हाला शिस्त लावायचे. त्यांच्या पत्रकावर लिहिलं होतं, 'गया : पिंडदान. बोधगया : वेळ मिळाल्यास.' माझ्या सासऱ्यांचं पिंडदान करायचं होतं म्हणून मी मसोलीहून, म्हणजे सासरहून, यजमानांबरोबर निघाले. काका डहाणू रोड स्टेशनवर भेटले. म्हणाले, "पोरी, पिंडाचं काय, ते गुरुजी करवून घेतील. मला ते दुसरं करायचंय. घटकाभर गप्प. जमेल का ग?" हे त्यांनी मला खासगीत विचारलं. समोरच्या फलाटावरची दोन-चार माणसं "जमेल, जमेल" म्हणाली.

गयेला बसमध्ये चढलं की सावे सर डोकी मोजायचे. काकांचं डोकं त्यांनी कधी मोजलं नाही. आवाज येतोय म्हणजे काका आहेत, असा साधा हिशोब.

पिंडदान उरकून आम्ही दुपारी बोधगयेला पोचलो. सरांनी माईकवरून बजावलं, "हे पवित्र स्थान आहे. शांतता राखा. मागे ऐकू येतंय ना?" महाविहाराच्या दारावर मोबाइल जमा झाले, माईकही जमा झाला. घसा जमा करून घ्यायची सोय मात्र तिथे नव्हती, त्यामुळे सर आत शिरल्यापासून "शांतता! शांतता!" असं ओरडत पुढे चालले आणि आम्ही त्यांच्यामागे. बोर्डीच्या एका वहिनींनी नारळ कुठे फोडायचा म्हणून विचारलं. इथे फोडत नाहीत म्हटल्यावर त्या काळजीत पडल्या, "मग पावतो कसा?" फोटो काढता येत नाही म्हणजे आलो कशाला, यावर पुरुषांचं एकमत झालं. बोधिवृक्षाभोवती भिक्खू बसले होते, नागपूरकडच्या पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या. आम्ही त्यांच्या मधून, जत्रेत दुकानं बघत फिरावं तसे फिरलो. कुणी आम्हाला काही बोललं नाही. त्यांनी फक्त पाय आवरून घेतले.

एका कोपऱ्यात काका बसलेले मला दिसले. तोंडात सुपारीचं खांड, डोळे मिटलेले आणि शेजारी एका माणसाची जागा सोडलेली.

मग बस निघाली. "सगळे आले?" सरांनी विचारलं. "आले," सगळे म्हणाले. बरंच अंतर गेल्यावर मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. यजमानांना चक्क झोप लागली होती. इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. मी म्हटलं, "अहो सर, काका कुठेत?" सरांनी माईक उचलला आणि म्हणाले, "नामूकाका, हात वर करा."

बस फिरवली. मी धापा टाकत, "काका, काका" करत आत शिरले, तर पांढऱ्या साडीतल्या एका आजींनी हात वर करून मला थांबवलं. "हळू, बाई. बसलेत ते." काका तसेच होते. मी त्यांच्यासमोर टेकले, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आम्ही निघालो ते कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं ना. समोरूनच तर गेलात. तो सावे केवढ्याने ओरडत होता."

"मग हाक मारायची की. तुमची हाक समुद्रातली बोट वळवते."

"तोंडात आली होती ग. पण मग तिची घटका मोडली असती." काका इतकं हळू बोलत होते की मला कान जवळ न्यावा लागला. "ती म्हणायची ना, मी इथे आहे, सातपाटीला नाही. खरंच इथेच होती. मीच उगाच लांबवर हाका मारत राहिलो."

मला रडू आवरेना. आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

बसमध्ये चढताच काकांनी "चहा एकवार" पुकारला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सावे सरांनी त्या दिवसापासून त्यांचं डोकं मोजायला सुरुवात केली.

यंदा काका गेले. बंदरावर शोकसभा झाली, माईक अर्थातच सावे सरांचा. सर काकांच्या मौनावर पुष्कळ बोलले, इतकं की मासळीवाल्या टोपल्या उचलून निघाल्या. शेवटी पुढच्या सहलीत बोधगया नक्की आहे, हेही त्यांनी सांगितलं. मग माईक माझ्याकडे आला. मी तो बंद केला. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, ऐकू येत नाही."

मी शेजारी एका माणसाची जागा सोडून खाली बसले.