वहिनीची जागा

सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणायचे. सुतार, फोम कापणारे, एवढंच काय, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेले मास्तरसुद्धा. कारण तिची नणंद रोज संध्याकाळी दारातून हाक मारायची, "वहिनी, आवरलं का?" ती हाक ऐकून ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. मग दोघी घरापर्यंत गप्पा मारत चालत जायच्या.

नणंद भावंडांत शेवटची, म्हणून घरात तिला धाकटीच म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिचा संसार मोडला आणि ती एक बॅग घेऊन भावाच्या दारात येऊन उभी राहिली. वहिनीने शिवणकामाची खोली रिकामी करून दिली. धाकटी त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ताट जसंच्या तसं परत यायचं. शहाणपणाचे चार शब्द सांगणं काही वहिनीच्या स्वभावात नव्हतं. तिने एका सकाळी धाकटीच्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "ऊठ, ब्रेड संपलाय. एकटीला कंटाळा येतो, चल." कोपऱ्यावर दुकान असताना तिला मुद्दाम लांबच्या बेकरीत नेलं. दुसऱ्या दिवशी त्याहून लांब. पुढे चालण्याचं भरभर चालणं झालं आणि एका सकाळी सुटणारी बस पकडायला दोघी धावल्या, तेव्हा कित्येक महिन्यांनी धाकटी खळखळून हसली. त्यानंतर बस नसतानाही त्या धावायला लागल्या.

मॅरेथॉनचं खूळ मात्र धाकटीचं.

"बेचाळीस किलोमीटर," ती म्हणाली.

"बसने का?" वहिनीने विचारलं.

"पायांनी गं! दोघी मिळून. सुरुवातही सोबत, शेवटही सोबत. मी एकटी नाही पळणार, सांगून ठेवते."

दोघींची नावं धाकटीनेच आपल्या फोनवरून नोंदवली.

बोलणं सोपं होतं. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, उजवा पाय पेडलवर, त्यात घरचं सगळं, आणि त्यातून पहाटे उठून पळायचं म्हणजे जिवावर यायचं. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. घामाने काखेत सालटी निघाली, तिथे पाणी लागलं की वहिनी न्हाणीघरात दात आवळून उभी राहायची. भूक तर अशी लागायची की डबा उघडायची वेळ होण्याआधीच तो रिकामा. एकदा मशीनवरच डुलकी लागली आणि एका गादीची दोन्ही तोंडं शिवली गेली. "आता फोम काय फुंकून भरायचा?" मास्तर म्हणाले. लांब पल्ल्याच्या दिवशी खरी चिंता पायांची नसायची, वाटेत पोट बिघडलं तर जायचं कुठे याची असायची. वाटेतल्या कुठल्या पेट्रोल पंपाचं दार सकाळी उघडं असतं हे तिला पाठ झालं होतं. आणि दर वेळी, शेवटची चढण आली की मनात तेच यायचं: हे वय आहे का आपलं? कुणी सांगितलंय?

धाकटी पुढे जायची, मग वळून उभी राहायची. "ये गं, ये." वहिनीला वाटायचं, ही थांबते म्हणून आपण पोहोचतो.

शर्यतीला दोन महिने उरले असताना वहिनीची पोटरी धरली, पेडल मारणाऱ्या पायाचीच. धाकटीने पाय दाबून बघितला आणि तोंड गंभीर केलं. "हे अंगावर काढू नकोस. पूर्ण विश्रांती. मी सांगेपर्यंत बूट घालायचे नाहीत."

"आणि तू?"

"मीही थांबते. तुझ्याशिवाय कसली पळते मी!"

चार दिवसांत पोटरी मोकळी झाली. पण धाकटी म्हणायची, अजून नको, आतून भरून येऊ दे. रविवारी सकाळी ती बाहेर पडायची ती मैत्रिणीकडे. परत यायची ते न्हाऊनच. वहिनीने कधी विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

त्यातच एक दिवस मास्तरांनी तिला एका दातांच्या दवाखान्यात माप घ्यायला पाठवलं. बाहेरच्या खोलीतली बाकं नव्याने मढवायची होती. डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. कोपऱ्यात पळायचे बूट वाळत ठेवलेले पाहून वहिनीने सहज विचारलं, "तुम्ही पळता?"

"पहिलीच मॅरेथॉन! नोंदणी कधीच संपली होती, पण नशीब बघा. आमच्या गटातल्या एकीची वहिनी पळणार होती, तिचा गुडघा कायमचा गेला बिचारीचा. तिची जागा माझ्या नावावर करून दिली तिने. मोठ्या मनाची मुलगी. आणि काय पळते! या रविवारी तळ्याभोवती आम्हा सगळ्यांना मागे टाकलं."

वहिनीच्या हातात टेप तसाच ताणलेला होता.

"ती वहिनी काय करते?" तिने विचारलं.

"सोफ्यांचं काहीतरी..." डॉक्टरीणबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी टेपकडे पाहिलं, मग वहिनीच्या गुडघ्यांकडे. त्यांचा चेहरा पडला. "अगं बाई. तुम्हीच का? मला खरंच माहीत नव्हतं. थांबा, मी परत देते तुमची जागा. पण नाव बदलायची मुदत तर..."

"गेली असेल," वहिनी म्हणाली. "राहू द्या. तुमचा काय दोष?"

लिहिलेलं माप तिला वाचताच येईना. तिने ते खोडून बाक पुन्हा मोजलं.

घरी नवरा एकटाच होता. तिने सगळं सांगितलं. तो उसळेल, आताच्या आता बहिणीला हाक मारेल, असं तिला वाटलं होतं. तो नुसता चष्मा पुसत राहिला.

तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "तुम्हाला माहीत होतं."

"ती म्हणाली, तुला झेपणार नाही, उगाच काहीतरी होऊन बसेल. मलाही तसंच वाटलं. तुझ्या भल्यासाठीच ना?"

"माझं भलं माझ्यापासून लपवून?"

"तोंडावर सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?"

"नसतं ऐकलं," ती म्हणाली. "म्हणून तर सांगायला हवं होतं."

धाकटी आली तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. भावाच्या तोंडाकडे बघूनच ती समजली. आधी तिने पोटरीचं कारण पुढे केलं, मग काळजीचं. मग रडायला लागली.

"त्या गटात मला कुणी ओळखत नाही, वहिनी. तिथे मी फक्त जोरात पळणारी एक बाई आहे. तुझ्याबरोबर पळताना मी अजून तीच असते, पलंगावर पडलेली, ताट परत पाठवणारी. तू प्रेमाने बघतेस, पण तेच बघतेस."

हे खोटं नव्हतं. वहिनीला ते आतपर्यंत लागलं. पण तिला हेही दिसत होतं की एवढं बोलायला तोंड होतं, तर आधीच एका वाक्यात काम झालं असतं. 'मला एकटीला पळू दे' म्हटलं असतं, तर आपण स्वतः बुटाच्या नाड्या बांधून दिल्या असत्या. त्याऐवजी धडधाकट पायाला आजारी ठरवून घरात बसवलं, आणि आपण कृतज्ञतेने बसलो.

"तुला जायचं होतं तर जायचंस," ती म्हणाली. "माझा पाय कशाला मोडलास?"

शर्यतीच्या दिवशी नवरा बहिणीला टाळ्या वाजवायला गेला. वहिनी कारखान्यात गेली, सुट्टी असूनही. मास्तर कुलूप काढत होते. त्यांना सगळं ठाऊक झालं होतं. "केसाने गळा कापला," ते एवढंच म्हणाले आणि पंखा लावून आपल्या कामाला लागले. संध्याकाळी धाकटी पदक घेऊन आली, वेळही चांगली आली होती. वहिनीने तिला पाय बुडवायला गरम पाणी करून दिलं.

त्यानंतर वहिनी एकटीच पळू लागली. पुढे थांबून "ये गं" म्हणणारं कुणी नव्हतं, तरी चढण संपतच होती. याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण मनात यायचं, मग इतके दिवस आपण कुणामुळे पोहोचतोय असं समजत होतो? आणि रागच यायचा. तिने दुसऱ्या गावच्या शर्यतीत नाव घातलं. या वेळी स्वतःच्या फोनवरून. घरी म्हणाली, मावसबहिणीकडे जाऊन येते.

ती शर्यत काही थाटाची नव्हती. तीस किलोमीटरच्या पुढे गेल्यावर मांड्या दगडासारख्या झाल्या आणि ती रस्त्याच्या कडेने चालत चालत रडली. दुखत होतं म्हणून की काय म्हणून, तिलाच कळलं नाही. मग पुन्हा धावली. पोहोचली तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवायला शिडी लावली होती. शिडीवरचा माणूस तिला बघून थांबला. खाली उभ्या असलेल्या बाईने तिच्या गळ्यात पदक घातलं आणि विचारलं, "घरचे कुठे उभे आहेत?"

"नाही आले," ती म्हणाली.

तिने फुटपाथवर बसून दोन केळी खाल्ली आणि बस पकडली.

दार नवऱ्याने उघडलं. तिची चाल पाहून तो जे समजायचं ते समजला. "अगं, कळवायचं तरी! आलो असतो ना मी."

"तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून आत गेली.

धाकटी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिने पुढे होऊन वहिनीचा दंड धरला, खुर्चीपर्यंत नेलं, खाली बसून बूट काढले. वहिनीने काढू दिले. मोज्याला रक्त लागलेलं होतं.

"वहिनी," धाकटी मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वेळी येऊ का तुझ्याबरोबर?"

वहिनीला तिचं वाकलेलं डोकं दिसत होतं. प्रेम आटलं नव्हतं, तीच तर अडचण होती.

"नको," ती म्हणाली.