दवाखान्यातला पाळणा

नेवाशाच्या रस्त्याला आमचं घर, आणि घरापुढच्या छपरात ह्यांचं गॅरेज. एकदा इंजिन उचलताना ह्यांचा पाय घसरला, कंबर गेली आणि नगरच्या दवाखान्यात दोन महिने काढावे लागले. तिथं पेशंटला खाटेवरून उचलायचा एक लोखंडी पाळणा होता. चाकांवर उभा खांब, वर आडवा हात, त्याला कापडाची झोळी. दांडा मारत राहिलं की झोळी वर जायची. दुसरा माणूस त्या झोळीत लाजेनं अर्धा झाला असता. हे मात्र लोंबकळत जॅक कुठं बसवलाय ते निरखत होते. माझा जीव टांगणीला लागलेला आणि ह्यांचं हे!

डॉक्टरांनी बजावलं, पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. घरी आल्यावर हे दिवसभर गॅरेजकडे पाठ करून बसत. मला ते बघवत नसे. पुढे दवाखान्यानं तो पाळणा भंगारात काढला, तेव्हा ह्यांनी तो बैलगाडीतून घरी आणला. कंबरेला धक्के सोसवेनात म्हणून हेही शेजारीच आडवे. गावानं एवढंच पाहिलं, आणि संध्याकाळी बायका बिस्किटांचे पुडे घेऊन दारात हजर. "आता कायमचंच अंथरून का गं?" मी अशी चिडले, की एकीलाही चहा विचारला नाही.

आठवड्यानं दुष्काळी कामावरची एक जीप आली. इंजिनाचे भाग सुटे करून ते हलकं केलं, तरी माझ्या दीडपट भरेल असा ह्यांचा अंदाज. पाळण्याला ते पेलेल का, हे कोण सांगणार? हे साखळी हातात घेऊन नुसतेच उभे. पाळणा मोडला तर ह्यांची उरलीसुरली उमेदही जाईल, हे मला दिसत होतं.

मी सरळ झोळीत जाऊन बसले. "विटा द्या मांडीवर."

"येडी का खुळी तू? पडशील!"

"पडंन. द्या तुमी."

एकेक करून बारा विटा झाल्या. ह्यांनी दांडा मारायला सुरुवात केली. पाळणा करकरला, माझे पाय जमिनीवरून सुटले, गुडघे ह्यांच्या छातीला आले. ह्यांनी दांडा सोडला आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. झोळी तसूभरही खाली आली नाही.

"लग्नानंतर जेजुरीला तुला उचलली, तर तिसऱ्याच पायरीवर टेकवली हुती," हे म्हणाले. "आज बघ."

ह्यांनी बाहीनं डोळे पुसले. मलाही रडू आलं, आणि पदर नेमका विटांखाली अडकलेला.

"बघितलं," मी म्हणाले. "आता उतरवा मला, आन् इंजिन घ्या."