डक्टमधून आलेला ‘येतो’

गेल्या मंगळवारी, भर दुपारी, विश्रांतवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी माझ्याच बीटला टरकलो. हसू नका... पुढे वाचा.

नवीन लोकांसाठी सांगतो, मी इन्स्ट्रुमेंटल हिप-हॉप करतो. म्हणजे ढोबळमानाने रॅप, पण रॅपर नसलेला. कॉलेजपासून हेच चालू आहे, पोटासाठी आयटीतली नोकरी आणि उरलेल्या वेळात बीट्स. आई अजून विचारते, "छान आहे रे, पण गाणारा कधी येणार?"

माझा साउंड संथ, जरा मळका. जड ड्रम्स, खाली कॅसेटची खरखर आणि वर आमच्याच बिल्डिंगचे आवाज... धुण्याची आपटाआपट, पंपाची घरघर. कुकरच्या शिट्टीवर केलेला बीट लोक अभ्यासाला बसताना लावतात. यात माझं सगळं करिअर आलं.

हे आवाज मला डक्टमधून, म्हणजे बिल्डिंगच्या मधल्या उभ्या पोकळीतून मिळतात. सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या तिकडेच उघडतात. मी खिडकीला रेकॉर्डर टांगतो आणि विसरून जातो. नंतर आख्खं रेकॉर्डिंग कधीच ऐकत नाही, एवढा वेळ कोणाला आहे? स्क्रीनवर आवाजाच्या लाटा दिसतात, त्यात एखादा बरा उंचवटा दिसला की तेवढाच तुकडा कापायचा.

मंगळवारी सुट्टी टाकली होती, अल्बममधला शेवटचा बीट राहिला होता म्हणून. जुनी एक फाइल उघडली, तुकडा कापला... तर माणसाचा आवाज निघाला. एकच शब्द, "येतो."

मी खूश. आवाज संथ केला, खर्जात उतरवला आणि लूपवर टाकला. येतो... येतो... येतो...

आपल्याकडे निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणायचं नसतं. पण लूपमध्ये त्यातलं निघणं गळूनच गेलं. कोणीतरी खरंच यायला लागलं, दर वेळी एक पायरी वर. मी ड्रम्स बंद केले, तर ते जास्तच जवळून ऐकू आलं. हातावर काटा आला, तरी बंद करायचं सोडून मी तसाच बसून राहिलो... किती वेळ, देव जाणे.

आणि बेल वाजली.

खरं सांगतो, घाबरत घाबरतच दार उघडलं. दारात खालच्या मजल्यावरच्या सोनवणे काकू होत्या, चेहरा पांढराफटक. मी ‘जयभीम काकू’ म्हणालो. त्या माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या.

"सुमेध, आमच्या ह्यांचा आवाज तुझ्याकडे कसा?"

सोनवणे काका गेल्या वर्षी गेले. आणि आत ते अजून म्हणतच होते, येतो... येतो. मी धावत जाऊन बंद केलं. आवाज एवढा बदलला होता की मला ओळखू आला नव्हता. पण डक्टमधून तो खाली गेला आणि ज्या बाईने त्यांच्याबरोबर उभा जन्म काढला, तिला तो कळला.

"आवाज ह्यांचाच आहे," काकू म्हणाल्या. "पण हे ‘येतो’ कधी म्हणायचेच नाहीत रे."

आता मात्र मला दरदरून घाम फुटला, कारण त्यांचं खरं होतं. काका विहारात आम्हा पोरांना अंधश्रद्धेवरून झोडपायचे. शकुन-अपशकुन सगळं बंडल. मी जातोय तर ‘जातो’च म्हणणार, हा त्यांचा खाक्या, आणि काकू त्यावरून रोज वैतागायच्या. मग हा ‘येतो’ म्हणणारा कोण?

फाइल पहिल्यापासून लावली. काकू बसायला तयार नव्हत्या, टेबल धरून उभ्या राहिल्या. आधी नुसती पंपाची घरघर... मग कुठंतरी भांडं पडलं. मग काका म्हणाले, "जातो गं." लगेच काकूंचा आवाज, "येतो म्हणा हो!" आणि काका हसत हसत, "येतो म्हटलं की माणूस येतोच, असं कुठं लिहिलंय?"

एवढंच. काकांच्या त्या चेष्टेतला पहिला शब्द तेवढा मी कापला होता. जे त्यांनी जन्मभर म्हणायचं टाळलं, ते मी त्यांच्या तोंडी घालून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

"हां... हे आहेत ते," काकू म्हणाल्या. हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. "परत लाव," म्हणाल्या. मी परत लावलं.

मग मी त्यांना खाली सोडायला गेलो. त्यांचं दार सताड उघडं होतं. मांजर शिरतं म्हणून एरवी त्या फटसुद्धा ठेवत नाहीत. आत टीपॉयवर चहाचे दोन कप होते, दोन्हींवर साय धरलेली.

मी कपांकडे बघतोय हे त्यांनी बघितलं.

"अरे, येतो म्हणत होते ना..."

मला रडू आवरलं नाही. एक कप उचलला आणि पिऊन टाकला. काकू म्हणाल्या, "थांब की मेल्या, गरम करून देते." आणि दार लावून घेतलं.

बीट पूर्ण झालाय, त्यात आता माणसाचा आवाज नाही. काकू, त्या दुपारी तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. ती फाइल तुमच्या फोनवर टाकली आहे... पंपाच्या घरघरीसकट, पडलेल्या भांड्यासकट, अजिबात न कापता.